आजचा शब्द: शौच

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. त्यातला आजचा शब्द 'शौच'. हसू नका! इथे अर्थ शुद्धता, बाहेरची आणि आतलीही.

मला तो कळला बाबांच्या जुन्या फिशटँकमुळे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर साधारण 56 लिटर पाणी, म्हणजे 56 किलोचा भार. कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा मी जुन्या सिलिकॉनवरच नवा थर ओढला. दिसायला एकदम मस्त. चौथ्या दिवशी पहाटे फरशीवर तळं!

कारण साधं आहे. सिलिकॉन स्वच्छ काचेला घट्ट धरतं, वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला मात्र नीट चिकटत नाही. म्हणून आधी जुनं सगळं ब्लेडने खरवडायचं, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मग नवं भरायचं. तेही बुरशीनाशक नसलेलं, कारण ते माशांना घातक असतं.

खरवडता खरवडता ताई आठवली. आई आजारी असताना मी तिला बोललो होतो, "तुझं काय, तू नुसती फोन करतेस." नंतर 'सॉरी' आणि हात जोडलेला इमोजी पाठवला. तिने लिहिलं, 'जाऊ दे'. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही फक्त पाऊसपाण्याचंच बोलतो.

पण जुनं उकरणं बरं का? क्षमासुद्धा त्याच यादीत आहे ना? आहे. पण क्षमा करणं ताईच्या हातात होतं, शौच माझं काम होतं. तिच्या 'जाऊ दे'वर मी माझा थर ओढून मोकळा झालो होतो. आणि खरवडायचं ते स्वतःचं. ब्लेड भलतीकडे चालवलं तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो.

रविवारी फोन केला. या वेळी आधी 'सॉरी' म्हटलं नाही. तेव्हाचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. ते रागाच्या भरात निसटलं नव्हतं, तुला लागावं म्हणूनच बोललो होतो, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बघू. जेवलास का?"

सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. लगेच पाणी भरायचं नसतं. टँकसाठी मी आठवडाभर थांबणार आहे. ताईसाठी किती थांबायचं, ते ती ठरवेल.

आज एवढंच बघा: कोणाच्या 'जाऊ दे'वर तुम्ही थर ओढून ठेवलाय?