उघडा तराजू

वाण्याच्या दुकानात तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो आणि त्यावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का असतो. दुसऱ्याचे माप घेणाऱ्याने आपलेही माप देत जावे, असा हा साधा लोकन्याय आहे.

आता आपली मापे संगणक घेतो. मोरिवलीतल्या कामगाराचा पगार, मुलांचे निकाल, बँकेतली शिल्लक, सारे त्याच्या हाती. पण संगणक दमला, रखडला, तर ते कोणी पाहायचे? त्यासाठीही आज्ञावली आहेत. 'टॉप' ही त्यांतली एक जुनी. विल्यम लफेव्हर यांनी ती 1984 साली युनिक्ससाठी लिहिली. लिनक्सवरचा तिचा अवतार दर तीन सेकंदांनी यादी मांडतो : कोण किती प्रोसेसर खातो, कोण किती मेमरी अडवतो. गंमत अशी, की त्या यादीत खुद्द 'टॉप'चेही नाव असते! पाहण्यालाही खर्च पडतो आणि पाहणारा तो खर्च लपवीत नाही. तपासणीने शाळेचे किती तास खाल्ले, हे तपासणीच्या अहवालात लिहिलेले मी मास्तर असूनही कधी पाहिले नाही.

ही आज्ञावली फुकट मिळते. पण तिचा खरा गुण उघडेपणाचा. तिचा आणि लिनक्सचा मूळ मजकूर कोणीही वाचावा. यादीच्या माथ्यावर यंत्रावरील भाराचे तीन आकडे असतात. 1993 पासून लिनक्स त्या भारात डिस्कसाठी ताटकळणारी कामेही धरतो. का? 2017 साली ब्रेंडन ग्रेग यांनी जुनी पत्रे धुंडाळली, तेव्हा कारण सापडले : डिस्क मंद असेल तर यंत्र रखडते, मग भाराचा आकडा उतरावा कसा? चोवीस वर्षांनी मापाला जाब विचारता आला आणि मापाने तो दिला.

कोणी म्हणेल, मास्तर, तो मजकूर तुम्हांला तरी वाचता येतो का? नाही येत. पण वाण्याची वजने तरी मी कुठे रोज तपासतो? कोणीही केव्हाही तपासू शकेल, एवढ्यानेच हात सरळ राहतो.

उद्या एखादे यंत्र कोणाला 'कामचुकार' ठरवील, कोणाला 'नापास'. त्या वेळी त्या माणसाला एवढे तरी विचारता यावे : "बाबा रे, तुझा तराजू दाखव!" जो तो दाखवणार नाही, त्याचा निवाडा अचूक असला तरी मी त्याला न्याय म्हणणार नाही.