बहिष्कार कोणी कोणावर घालायचा?

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1880 साली कुळांनी खंडात सूट मागितली. मागितली तेवढी मिळाली नाही, उलट जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सुमारास एनिसच्या सभेत आयरिश नेते पार्नेल यांनी सांगितले होते की अशा वेळी रक्त सांडू नका, संबंध तोडा. लोकांनी तेच केले. मजूर शेत सोडून गेले, दुकानदार माल देईनात, टपालही पोचेना. पीक काढायला बाहेरून 50 माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे 1,000 शिपाई. सुमारे 500 पौंडांच्या पिकापायी 10,000 पौंडांच्या घरात खर्च झाला.

‘ऑस्ट्रसाइझ’ (वाळीत टाकणे) हा जड शब्द कुळांना कळणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी कारभाऱ्याच्या आडनावाचेच क्रियापद केले, अशी हकिकत अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नोंदवली आहे. गरिबांना कळावा म्हणून घडलेला हा शब्द पुढे फ्रेंच, जर्मन आणि रशियन भाषांतही गेला. मला त्याचे मोल वाटते ते या जन्मकथेमुळे.

वंगभंगाच्या वेळी 1905 मध्ये तो आपल्या राजकारणात आला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हणून बसला. विलायती मालावरचा तो बहिष्कार मेयोच्या जातीचाच होता: दुबळ्यांनी सत्तेवर घातलेला. पण बहिष्कार हा शब्द आपल्याकडे त्याआधीपासून राबत होता आणि तो उलट्या दिशेने चालत होता. गाव किंवा जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाके. मग मजुरी, किराणा, पाणी, सोयरीक सगळे बंद. डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले ते या अनुभवातून. पुढे गोलमेज परिषदेपुढे त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणीही केली.

कृती दोन्हीकडे सारखीच दिसते, कारण दोन्हीकडे व्यवहार तोडायचा असतो. तरी मेयोतल्या मजुरांना त्यासाठी आपली मजुरी सोडावी लागली. गावकीला कसलीच झळ लागत नाही. म्हणून बहिष्काराची हाक कानावर आली की ती कोण देतो आहे आणि चिमटा कोणाच्या पोटाला बसणार आहे, एवढे विचारावे. खाली दाबणाऱ्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे आणि त्यात 3 वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. शेजारचे घर वाळीत पडले असेल तर पोलिसांत जाताना त्या घराच्या सोबतीने जा.