मुसळ उखळात ठेवू नये

गृहस्थाने आपली अवजारे घरात कोणत्या अवस्थेत ठेवावीत, हा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो असे सहसा कोणाला वाटत नाही; परंतु जैन श्रावकाचाराने, म्हणजे गृहस्थ उपासकाच्या आचरणाची चर्चा करणाऱ्या ग्रंथपरंपरेने, तो स्पष्टपणे विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही दिलेले आहे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी आठवे अनर्थदंडविरमण हे होय. जगण्याला चिकटलेली हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य करून, जिच्यामागे काहीच प्रयोजन नाही अशा हिंसेपासून त्याने दूर राहावे, असा या व्रताचा आशय आहे. व्रत उघडपणे न मोडता त्याला उणेपणा आणणाऱ्या दोषाला अतिचार म्हणतात, आणि 'उपासकदशा' या आगमात या व्रताचे जे पाच अतिचार मोजले आहेत त्यांत संयुक्ताधिकरण हा एक आहे. अधिकरण म्हणजे ज्याच्या आश्रयाने हिंसा घडते ते साधन; ते जोडून, वापराला सज्ज करून ठेवणे, हा दोष. टीकाकारांची उदाहरणे अगदी घरातली आहेत. उखळात मुसळ ठेवू नये, नांगराला फाळ लावून ठेवू नये, गाडीला जू जोडून ठेवू नये, धनुष्याशी बाण ठेवू नये. कारणही तितकेच व्यवहाराचे दिले जाते: जोडलेले अवजार कोणी मागायला आला तर नाही म्हणणे जड जाते, तेच सुटे असले तर मागणारा सहज परततो.

उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त या जागी असमीक्ष्याधिकरण असा अतिचार येतो, आणि त्याचा अर्थ प्रयोजनाचा विचार न करता गरजेहून जास्त काही करणे किंवा बाळगणे असा लावला जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठीभाषक दिगंबर शेतकरी कुटुंबांत 'तत्त्वार्थसूत्रा'चे पठण आजही होते, तर मुंबई-पुण्यातील श्वेतांबर घरांत संयुक्ताधिकरणाचा उल्लेख प्रतिक्रमणात, म्हणजे दोषांच्या नित्य आलोचनेत येतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात राहतात, तेव्हा हा विचार येथे परका नाही. दोन पाठ शेजारी ठेवले की एकच प्रश्न दोन टोकांनी पकडल्यासारखे होते. पहिला पाठ वस्तू घरात आल्यानंतर तिच्या ठेवणीबद्दल बोलतो, दुसरा ती घरात येण्याआधीच्या निवडीबद्दल. ज्या यंत्राला निवड आणि ठेवण या दोन्ही बाबतींत गृहस्थाची कसोटी पाहण्याची विशेष हातोटी आहे, अशा स्टँड मिक्सरला हे दोन्ही निकष लावून पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

स्टँड मिक्सर म्हणजे मराठी घरांत नुसत्या 'मिक्सर' या नावाने ओळखले जाणारे वाटणाचे यंत्र नव्हे. जड बैठक, तिच्यावर उभा खांब, खांबावर मोटर सामावलेले आडवे डोके आणि त्याखाली उघडे भांडे अशी त्याची रचना असते, आणि डोक्यातून खाली उतरलेला फेटक स्वतःभोवती एका दिशेने फिरत असतानाच भांड्याच्या मध्याभोवती उलट दिशेने फेरी घालतो, त्यामुळे भांडे न हलवताही सगळे मिश्रण त्याच्या कक्षेत येते. त्याचा जन्म बेकरीसाठी झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात होबार्ट कंपनीचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांना १९०८ च्या सुमारास एका पाववाल्याला कणीक ढवळताना पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते; १९१९ साली 'किचनएड' या नावाने तिची घरगुती आवृत्ती आली आणि १९३७ साली एगमाँट अरेन्स यांनी तिला आजचा सुबक आकार दिला. सध्याचे सर्वसाधारण घरगुती यंत्रही १० ते १२ किलोंचे असते. हे वजन दोष नव्हे, घट्ट कणकेशी झुंजताना यंत्राने ओट्यावरून सरकू नये यासाठी ते हवेच असते. पण त्याच वजनामुळे ठेवणीचा प्रश्न निर्माण होतो.

आधी निवडीचा विचार करावा लागतो. श्रावकाचे पाचवे व्रत परिग्रहपरिमाण, म्हणजे आपल्या मालकीच्या वस्तूंना स्वतःहून मर्यादा घालणे. त्यात शेत, घर, सोने, रूपे, धन, धान्य यांच्याबरोबर कुप्य या नावाने भांडीकुंडी आणि घरातील इतर सामानही मोजायचे असते. येथे टीकाकारांनी मनुष्यस्वभावाची जी नाडी पकडली आहे तिला दाद द्यावीशी वाटते. दहाच वाडगी बाळगण्याचा नियम केलेल्या माणसाकडे आणखी वाडगी आली तर तो दोन-दोन एकत्र आटवून मोठी वाडगी करून घेतो, संख्या दहाच राहते आणि नियम पाळल्याचे समाधानही मिळते. त्याचप्रमाणे दोन घरांमधली भिंत पाडून त्यांचे एक घर करतो. संख्या राखली, परिग्रह वाढला, म्हणून हा अतिचार. स्टँड मिक्सरच्या डोक्यावर पुढच्या बाजूला जी एक गोल खाच असते, तिच्यात फिरत्या दांड्याच्या जोरावर चालणारे अनेक जोडभाग बसवता येतात: दळण्याचे, किसण्याचे, रस काढण्याचे, शेवया लाटण्याचे, इतकेच काय मांसाचा खिमा करून तो आतड्याच्या पिशवीत भरण्याचेही. जाहिरात सांगते की हे एकच यंत्र दहा यंत्रांची कामे करते. आटवलेल्या वाडग्यांचा मालकही नेमके हेच म्हणाला असता. यंत्र एक आहे की दहा आहेत याचा निर्णय खोक्यावरून होत नाही. घरात येणारे सामर्थ्य किती आणि त्यातले खरोखर लागणारे किती, यावरून तो करावा लागतो, आणि असमीक्ष्याधिकरण हा दोष या मोजणीच्या आळसातूनच उपजतो.

या दृष्टीने पाहिले तर निवडीचे काही प्रश्न अगदी रोकडे होतात. या यंत्राचा तारांचा फेटक मुख्यतः अंड्याचा पांढरा बलक फुलवण्यासाठी घडवला गेला, आणि कणीक मळण्याचा आकडा यीस्ट घालून फुगवलेल्या पावाच्या कणकेसाठी. ज्या जैन घरात अंडे वर्ज्य आहे, यीस्टही अनेकजण टाळतात आणि भिजवलेली कणीक रात्र उलटल्यावर वापरत नाहीत, तेथे या यंत्राच्या वाट्याला पोळ्यांची कणीक, लोणी किंवा साय फेटणे आणि क्वचित एखादा अंड्याशिवायचा केक एवढेच काम उरते. चार माणसांच्या पोळ्यांची कणीक हाताने मळायला जो वेळ लागतो, त्याहून भांडे, आकडा आणि झाकण धुऊन पुसायला कमी वेळ लागेल असे नाही. मात्र हाताच्या सांध्यांना सूज असलेल्या बाईसाठी किंवा रोज पंधरावीस माणसांची पंगत उठणाऱ्या एकत्र कुटुंबासाठी उत्तर निश्चितच वेगळे येईल. प्रयोजन पाहिल्याशिवाय कोणतीच वस्तू परिग्रह ठरत नाही. 'तत्त्वार्थसूत्र' परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची गुंगलेली आसक्ती, अशी करते. यामुळेच पिंछी आणि कमंडलू बाळगणारा दिगंबर मुनी अपरिग्रही राहू शकतो आणि कधी न वापरलेले यंत्र केवळ त्याच्या रंगासाठी ओट्यावर मिरवणारे घर परिग्रही ठरते.

हिंसा आणि स्वयंपाकघर यांचा संबंध केवळ जैनांनीच जोडला असे मात्र नाही. 'मनुस्मृती'च्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या पाच सूना सांगितल्या आहेत. सूना म्हणजे वधाची जागा, आणि त्या पाच म्हणजे चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी नकळत होणाऱ्या जीवहत्येचे परिमार्जन पंचमहायज्ञांनी, म्हणजे अध्यापन, तर्पण, होम, बली आणि अतिथिसत्कार यांनी रोज करावे, असे स्मृती सांगते. साधने तीच, पण उपाय निराळा. स्मृतीचा गृहस्थ दळून झाल्यावर फेड करतो. श्रावक दळण्यापूर्वी हात आवरतो. पहिल्या पद्धतीत ऋणाची कबुली आहे आणि ती उदारही आहे, कारण तिच्यातून पाहुण्याच्या पानात अन्न पडते. परंतु नवी वस्तू घरात आणावी की नाही या प्रश्नावर ती मौन पाळते, आणि म्हणूनच यंत्रांच्या काळात श्रावकाचाराची बारकाई अधिक उपयोगी पडते.

ठेवणीच्या बाबतीत आजचा व्यवहारी सल्ला आणि जुना अतिचार एकमेकांसमोर उभे ठाकतात. स्वयंपाकघराची आखणी करणारे सांगतात की जड यंत्र ओट्यावरच, बटण दाबले की चालेल अशा अवस्थेत ठेवावे, कारण माळ्यावर गेलेले यंत्र खाली उतरत नाही. निरीक्षण अचूक आहे. दहा-बारा किलोंचे यंत्र डोक्यावरच्या खणातून काढताना खांद्याला किंवा पायाला इजा होण्याचा संभव असतो, आणि त्या भीतीने ते तेथेच राहते. म्हणजे जोडून ओट्यावर ठेवले तर संयुक्ताधिकरण, सुटे करून माळ्यावर टाकले तर निष्प्रयोजन संग्रह, दोहोंकडून दोषच. ही कोंडी खरी आहे, पण ती वाटते तितकी घट्ट नाही, कारण टीकाकारांनी उखळ दूर न्यायला सांगितलेले नाही, त्यातून मुसळ काढायला सांगितले आहे. यंत्राची बैठक ओट्याच्या कोपऱ्यात किंवा कमरेच्या उंचीच्या खणात ठेवावी, भांडे धुऊन पालथे घालावे, फेटक वेगळ्या खणात जावा आणि प्लग काढलेला असावा; एवढ्याने अतिचार टळतो आणि यंत्रही हाताशी राहते. लहान मुलाचा हात फिरत्या फेटकाकडे जाऊ नये म्हणून सुरक्षिततेच्या पुस्तिकाही जवळजवळ हेच सांगतात. जोडण्याचे ते अर्धे मिनिट श्रावकाचाराच्या दृष्टीने वाया जात नाही, कारण यतना, म्हणजे पाहून-सवरून कृती करण्याची सावधानता, तेवढ्यातच साधते.

यतनेचा आणखी एक भाग प्रतिलेखन हा आहे. वापरण्यापूर्वी वस्तू उलटसुलट पाहून तिच्यात सूक्ष्म जीव नाहीत याची खात्री करणे आणि असल्यास मऊ पुंजणीने हळूच बाजूला सारणे, हा मूळचा साधूंचा नित्यक्रम अनेक श्राविका चूल पेटवण्यापूर्वी पाळत आल्या आहेत. उखळाचा तळ दिसतो, पाटा-वरवंट्याला तर आतबाहेर असे काही नसतेच; बंद आवरणाच्या यंत्राचे पोट मात्र कोणालाच दिसत नाही. मोटर तापू नये म्हणून ठेवलेल्या फटींतून मुंग्या आणि झुरळांची पिले आत शिरतात, विशेषतः यंत्र अंधाऱ्या खणात महिनोन्‌महिने पडून राहिले आणि सांध्यांत पिठाचा अंश राहिला तर. येथे प्रतिलेखन अपुरे पडते आणि गृहस्थाला केवळ स्वच्छतेवर आणि वारंवार वापरावर विसंबावे लागते. नेहमी वापरात असलेले यंत्र या अर्थाने अधिक निर्दोष असते, ही गोष्ट अपरिग्रहाच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

श्रमाचा प्रश्न बाजूला ठेवून हा विचार पुरा होऊ शकत नाही. जैन विचारात कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि मान डोलावून मान्य केलेले, असे कर्माचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा दोष लागतो. जाते आणि उखळ होते तेव्हा घरातील पुरुषाच्या वाट्याला बहुधा कारित आणि अनुमोदितच येत असे. पहाटे दळणाऱ्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांचे अपार धन निर्माण केले हे खरे, परंतु त्या ओव्यांच्या गोडीवरून जात्याचे ओझे हलके होते असे मानणे हा ऐकणाऱ्यांचा सोयीचा भ्रम आहे. यंत्राला सरसकट विरोध करणारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण सिंगरने ते आपल्या पत्नीचे कष्ट पाहून, तिच्याविषयीच्या प्रेमापोटी घडवले, असे ते मानत. भारतीय मिक्सरची जन्मकथाही याच वळणाची आहे: परदेशी यंत्र भिजवलेल्या डाळीच्या आणि मसाल्याच्या वाटणापुढे टिकेना म्हणून सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने पत्नी माधुरी यांच्यासाठी जास्त ताकदीची मोटर बसवली आणि १९६० च्या दशकात त्यातून 'सुमीत' उभा राहिला. याच गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना पाठवलेल्या पत्रांत गरज नसलेली वस्तू बाळगणे हीसुद्धा चोरीच ठरवली. दोन्ही विधानांत विसंगती नाही. कष्ट कोणाचे वाचतात हे पाहिले की यंत्राला मुभा मिळते, आणि कोणाचेच वाचत नसतील तर ते दुसऱ्याच्या वाट्याचे ठरते.

विजेचा वाद याहून अवघड आहे, पण गृहस्थापुरता तो थोडक्यात आटोपतो. अग्नीत तेजस्काय जीव असतात या सिद्धांतानुसार वीज सजीव मानावी की निर्जीव, यावर जैन संप्रदायांत मतभेद आहेत. तेरापंथात आचार्य महाप्रज्ञांनी ती निर्जीव असल्याचे मांडले, इतर अनेक परंपरांना ते मान्य नाही. साधूला ध्वनिवर्धक चालतो की नाही हे यावर ठरते. गृहस्थाने मात्र चूल पेटवलेलीच आहे.

न लागणारे यंत्र घराबाहेर काढणेही वाटते तितके सोपे नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त सांगितले आहे की यंत्र, नांगर, शस्त्र, अग्नी, मुसळ, उखळ यांसारखी हिंसेची साधने करुणावान श्रावकाने दुसऱ्याला देऊ नयेत, मात्र जेथे दाक्षिण्याचा, म्हणजे आप्तस्वकीयांच्या भिडेचा प्रश्न येतो तेथे सूट आहे. ही सूट मोठी मार्मिक आहे, कारण व्यवहारात अवजारे मागायला येतात ती आप्तच. तेव्हा नको असलेला स्टँड मिक्सर भाचीला देता येतो, अनोळखी गिऱ्हाइकाला विकणे शंकास्पद ठरते, आणि तो मांसाच्या जोडभागासह देणे तर बहुधा कोणत्याच दाक्षिण्यात बसणार नाही. रोज सकाळी चौदा नियम घेणारे श्रावक त्या दिवशी किती पदार्थ खाऊ, किती वस्त्रे वापरू हे ठरवतात आणि त्यांच्याच जोडीला असि या सदराखाली सुरी, कात्री, सुई यांसारखी साधने किती हाताळू हेही मोजतात. तीन फेटक आणि एक डोके असलेले यंत्र त्या मोजणीत एक धरायचे की चार, याचा निकाल कोणत्याही टीकेत सापडत नाही. तो नियम घेणाऱ्याने त्या सकाळी स्वतःच लावायचा असतो.