दारूचं कुणासाठी विचारायचं?

आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत दारूचं विचारत नाहीत असं नाही. डोक्याला टाके पडत असतात, दाराशी हवालदार उभा असतो आणि डॉक्टर एमएलसीच्या, म्हणजे मेडिको-लीगल केसच्या, कागदावर ‘तोंडाला दारूचा वास’ असं लिहीत असतात. तेवढ्यात मेव्हणा कानाशी येतो, “डॉक्टर, दारूचं तेवढं लिहू नका, क्लेम अडकेल.” त्याची भीती खोटी नसते; नशेत झालेल्या इजेची भरपाई अपघात विमा सहसा देत नाही. अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत विमा कंपन्यांना तशी मुभा होती, म्हणून डॉक्टर रक्तातली दारू तपासायलाच कचरत. थोडक्यात, प्रश्न पोलिसांचा असतो, विम्याचा असतो. पेशंटच्या भल्यासाठी तो कुणी विचारत नाही.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात डॉ. रॉबिन टूके यांनी नेमकं तेच सुरू केलं. पडलेला, मारहाण झालेला, चक्कर आलेला पेशंट दिसला की मिनिटा-दोन मिनिटांत विचारायचं: पिता का, किती पिता, आणि आज इथं यावं लागलं त्याचा दारूशी काही संबंध वाटतो का? हा शेवटचा प्रश्न मला फार हुशारीचा वाटतो. बोट डॉक्टरांनी दाखवायचं नाही. संबंध पेशंटनं स्वतः जोडायचा. मग दारूबद्दल सल्ला द्यायलाच नेमलेल्या माणसाकडे त्याला पाठवायचं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याची चाचणी छापून आली. सहा महिन्यांनी, नुसतं माहितीपत्रक मिळालेले आठवड्याला ८३ युनिट पीत होते, पुढे पाठवलेले ६०. एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम मद्यार्क. तेव्हा ६० हाही काही संयम नव्हे. पण त्यांच्या कॅज्युअल्टीच्या फेऱ्याही घटल्या.

नंतर इंग्लंडमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र पत्रक आणि पाच मिनिटांचा सल्ला यांत फरक दिसला नाही. काहींनी त्यावरून सल्ला कुचकामी ठरवला. मला वाटतं, दोन्हीकडे कुणीतरी आधी नीट विचारलं होतं, हेच बहुधा औषध असावं.

आपल्याकडे हे करायचं तर उत्तर एमएलसीत जाता कामा नये. पेशंट शुद्धीवर आल्यावर, नातेवाइकांना बाहेर बसवून, सिस्टरनं किंवा समाजसेवा अधीक्षकानं विचारावं, आणि त्याच मुक्कामात. पुढची तारीख दिली की येणारे गळतात. आता, रात्रपाळीत एकटीनं अख्खा वॉर्ड ओढणाऱ्या सिस्टरवर हे कामही टाकायचं, तर आधी तिच्या जोडीला माणूस द्यावा लागेल.