तबकडीची बाजू

आमीर खाँना ज्यानं समोर बसून ऐकलं नाही त्यानं त्यांच्या मारव्याविषयी बोलू नये, असं एका परिसंवादात एक ज्येष्ठ समीक्षक म्हणाले आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डमध्ये राहतं ते रागाचं कलेवर, असंही पुढे त्यांनी सांगितलं. खाँसाहेब १९७४ साली कोलकात्यात मोटार अपघातात गेले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमच्या तालुक्याच्या गावात गाणं यायचं ते गणपतीत, तेही एखाद्या वर्षी. माझ्यासारख्यांनी मग जन्मभर तोंड मिटून बसायचं का? त्या टाळ्या मला आजही बोचतात.

इतिहासाचा दाखला द्यायचा तर फार लांब जावं लागत नाही. गदगच्या एका मुलानं अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. तीन-साडेतीन मिनिटांच्या कलेवरानं आपल्याला भीमसेन जोशी दिले.

पण मला बोलायचं आहे ते आमीर खाँच्या मारव्याबद्दल. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, अशी ती एलपी. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि मुक्काम रिषभावर नाहीतर धैवतावर. षड्ज, जो प्रत्येक रागाचं घर असतो, तोच इथं लांब ठेवायचा. बहुतेक गवई षड्ज टाळतात, पण टाळताना ‘बघा, टाळला’ असं आपल्याला जाणवून देतात. खाँसाहेब तसं करत नाहीत. चौदा मात्रांचा अतिविलंबित झुमरा, एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास, आणि त्यात ते धैवतापाशी असे थांबतात की पुढे जायला जागाच उरलेली नाही असं वाटावं. तबलजी नुसता ठेका धरून असतो. बोलांची गर्दी नाही, समेवर झडप नाही. षड्जाची वाट बघता बघता आपण वाट बघणंच ऐकायला लागतो. मला ठाऊक असलेल्या ध्वनिमुद्रित ख्यालगायनात याच्या जवळ जाणारं दुसरं काही नाही, आणि या मतावरून मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

मैफलीत हाच राग त्यांनी कितीतरी जास्त वेळ गायला असता. एलपीच्या एका बाजूवर मावतात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. पण त्या मर्यादेनं इथं राग छाटलेला नाही. त्या वेळात काय सोडायचं हे गवयानं ठरवलं आहे, आणि सोडणं हाच तर मारव्याचा स्वभाव.

मैफल सोडून रेकॉर्डच निवडणारेही झाले: पियानोवादक ग्लेन गूल्डनं १९६४ साली जाहीर कार्यक्रम कायमचे बंद केले. पियानोचं खरं काम स्टुडिओत होतं, असं तो मानायचा. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स त्यानं १९५५ साली ३८ मिनिटांत वाजवली आणि १९८१ साली तीच ५१ मिनिटांत. जग पहिलीवर फिदा आहे. मला तिच्यात पोहणाऱ्याचे हात दिसतात, दुसरीत पाणी दिसतं. दुसरी बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत तो गेला. दोन्ही मुद्रणं न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या, एकेकाळी चर्च असलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओतली.

त्याच छताखाली १९५९ साली माइल्स डेव्हिसनं ‘काइंड ऑफ ब्लू’ केली, आणि ती माझ्या बाजूची साक्षीदार म्हणून मी इथं आणणार होतो. मैफलीची आठवण सांगता सांगता फुगते, रेकॉर्ड मात्र होतं तेच सांगते, असा माझा मुद्दा होता. तो या रेकॉर्डनंच मोडला. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ज्या यंत्रावर मुद्रित झाल्या ते किंचित मंद चालत होतं, त्यामुळे तबकडीवर त्या मुळापेक्षा जलद आणि चढ्या सुरात उतरल्या. ही चूक थेट १९९२ साली दुरुस्त झाली. तेहतीस वर्षं जगानं जिला जाझमधली सर्वोत्तम म्हटलं, तिची पहिली बाजू तशी त्या दिवशी त्या खोलीत कुणी वाजवलेलीच नव्हती! हीच शंका करीम खाँच्या तबकड्यांनाही लागू होते. त्या काळचा मुद्रणाचा वेग ठरल्या ७८ फेऱ्यांवरच असायचा असं नाही, तेव्हा त्यांची पट्टी आज छातीठोकपणे कोण सांगणार?

म्हणून खरेपणाचा मुद्दा मी मागे घेतो. रेकॉर्ड मैफलीचा पुरावा नाही. ती स्वतंत्र कृती आहे, आणि तिचं बरंवाईट तिच्यापुरतं ठरवायला हवं. आणखी एक गोष्ट समीक्षकांना द्यावी लागेल. तो मारवा मी इतक्या वेळा ऐकला आहे की खाँसाहेब श्वास कुठं घेतात तेही मला पाठ झालं आहे. एका तरुण गायिकेचा मारवा मी याच कारणानं अर्ध्यातून उठून सोडला. ती वाईट गात नव्हती. माझ्या कानात दुसरं कुणीतरी आधीच गात होतं. तो तिच्यावर अन्याय होता.

रेकॉर्डला तिच्यापुरतं तोलायचं, या कसोटीवर बाकीचंही सांगून टाकतो. बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ १९६७ सालची. कारागिरी थोर, पण तिच्यातलं हॅरिसनचं भारतीय वळणाचं गाणंच मला पुन्हा ऐकावंसं वाटतं. बाकीचं कौतुक काळाचं आहे. त्याच साली आपल्याकडे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आली: शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस. निर्मिती आपल्या जी. एन. जोशींची. ती सुंदर आहे, आणि तिनं राग मागं वाजत ठेवण्याची वस्तू करून टाकला. ही दोन्ही विधानं मला खरी वाटतात.

माझी आई कुठल्याही मैफलीला गेली नाही. रात्रभराच्या गाण्याला बाईनं एकटीनं जाणं आमच्याकडे नव्हतंच. मी नोकरीला लागल्यावर रेकॉर्डप्लेअर घेतला आणि ही मारव्याची एलपी आणली. मारवा सूर्यास्ताचा, पण ती तो सकाळी दहाला, मेथी निवडताना लावायला सांगायची. राग कोणता हे तिनं कधी विचारलं नाही. एकदा तिचा हात थांबला. दाराकडे बघत म्हणाली, “घरातलं कुणीतरी यायचं राहिलंय रे अजून.” मग बाजू संपली, आणि तिनं ती पुन्हा लावायला सांगितली.