जात न विचारणारी ओळख

पिझ्झा आता महाराष्ट्रात कोणालाच परका राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातही संध्याकाळी एखाद्या गाडीवर बेकरीतून आणलेले तयार बेस तव्यावर चढलेले दिसतात. वर सॉस, सिमला मिरची, कांदा, सढळ हाताने किसलेले चीज. आणि कोणी मागितलाच तर कांदा-लसूण वगळून ‘जैन’. नेपल्सचा पिझ्झावाला हे पाहून कपाळाला हात लावील. तरीही त्याच्या आजोबांच्या पिझ्झ्याशी या गाडीचे नाते वातानुकूलित दुकानांच्या साखळीपेक्षा जवळचे आहे. नेपल्सच्या गल्लीबोळात पिझ्झा हे कष्टकऱ्यांचे, उभ्याउभ्या खायचे स्वस्त अन्न होते. तिथे ‘आज खा, आठ दिवसांनी पैसे दे’ अशी रीतच होती. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ सालच्या ‘द गोल्ड ऑफ नेपल्स’ या चित्रपटात सोफिया लॉरेन अशाच उधारीवर तळलेले पिझ्झे विकते. त्याच शहरात कॉफी पिणारा एखादा गिऱ्हाईक दोन कपांचे पैसे देऊन जातो, म्हणजे मागून येणाऱ्या गरजूला एक कप फुकट मिळतो. ‘युनेस्को’ने २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले, ते पीठ मळण्याच्या आणि भट्टीपुढच्या कौशल्याबद्दल. उधारीच्या त्या वहीलाही थोडा मान मिळायला हवा होता, असे मला वाटते.

कारण उधारी कोणाला देतात? जो उद्या पुन्हा दिसणार आहे त्याला. गल्लीतल्या खाण्याच्या जागेचे नैतिक मोल इथे आहे. तिथे खाणारा आणि खाऊ घालणारा यांची रोज गाठ पडते, आणि रोजच्या गाठीतून एकमेकांची थोडी जबाबदारी अंगावर येते. मुंबईच्या गिरणगावात हे मोठ्या प्रमाणावर घडले. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एका खोलीत दाटीने राहत आणि जवळच्या खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवत. या खाणावळी बहुतेक बायका चालवीत, त्याही घरातूनच. पगार झाला की पैसे, तोवर विश्वास. संपाच्या काळात कामगारांची मजुरी थांबली तरी चूल थांबत नसे. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज मात्र त्या बाईच्या डोक्यावर चढत राही. प्रेमा पुरव यांनी हे ओळखले आणि १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. गिरणी कामगारांच्या लढ्याचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची नावे येतात, खाणावळवालीचे क्वचितच. एवढे मात्र खरे की उपाशीपोटी कोणताही संप चालत नाही.

इथवर सगळे गोड आहे आणि म्हणूनच थोडे संशयास्पदही. या युक्तिवादावरचा सर्वांत जड आक्षेप असा, की आपल्या समाजात ओळख ही बहुतेक वेळा जातीची ओळख राहिली आहे. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, त्याच गावातल्या हॉटेलात दलितांची कपबशी वेगळी असे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. माणूस सर्वांच्या ओळखीचा होता, हीच तर अडचण होती. तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. मद्रासमध्ये हॉटेलच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढायला लावण्यासाठी पेरियार यांना १९५७ मध्ये आंदोलन करावे लागले, आणि तोवर राज्यघटना लागू होऊन सात वर्षे झाली होती. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख आहे. घटनाकारांना हॉटेलसारखी क्षुल्लक वाटणारी बाब मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घालावीशी वाटली, यातच तिचे वजन कळते. तेव्हा एखादी दलित तरुणी, एखादे आंतरधर्मीय जोडपे किंवा एकटी जेवणारी बाई म्हणाली की ‘मला ओळखीचे हॉटेल नकोच, मॉलमधले पिझ्झ्याचे दुकान बरे, तिथे कोणी कोणाला विचारत नाही’, तर तिला जुन्या दिवसांची महती ऐकवण्याचा अधिकार कोणाला नाही. अनोळखीपणा ही तिच्यासाठी मोकळीक आहे.

पण या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, नेमके होते. ओळख दोन प्रकारची असते: एक कुळाची, दुसरी सवयीची. हा माणूस कोणाचा, कुठल्या आळीतला, हे जाणणारी पहिली. हा चहात साखर कमी घेतो, ही पिझ्झ्यावर मिरची जास्त मागते, हे आजोबा मंगळवारी येत नाहीत आणि सलग दोन बुधवार दिसले नाहीत तर चौकशी करायला हवी, हे जाणणारी दुसरी. चांगले हॉटेल ही दुसरी ओळख देते आणि पहिली विचारत नाही. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांनी हे साधले. चौकातल्या कोपऱ्याच्या जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या असे सांगतात. मुंबईत १९०४ पासूनचे कयानी, पुण्यात १९३५ पासूनचे गुडलक अशा ठिकाणी वकील आणि हमाल एकाच प्रकारच्या टेबलाशी बसून मस्कापाव चहात बुडवू शकले. मालक स्वतःच इथल्या जातींच्या उतरंडीबाहेरचा होता, हे त्यामागचे एक कारण असावे. पंगतीत कोणी कुठे बसायचे हे जन्माने ठरत असे. इराण्याकडे जो आधी आला त्याने खुर्ची धरली. ही समता कोणी भाषणातून आणली नव्हती, रिकाम्या खुर्चीने आणली होती. म्हणून ती टिकाऊ होती.

मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून मागवलेल्या जेवणात हे सगळे नेमके उलटे होते. अ‍ॅपला तुमचे नाव, पत्ता, फोन आणि रात्री अकराला काय खावेसे वाटते तेही माहीत असते. रांधणाऱ्याला काहीच नाही. २०२१ मध्ये ‘नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया’ने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, तिच्यात भरमसाट कमिशन आणि सवलतींच्या सक्तीबरोबर हाही मुद्दा होता, की आमच्याच गिऱ्हाइकांची माहिती आमच्यापासून लपवली जाते. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये त्यातल्या काही मुद्द्यांवर चौकशीचा आदेश दिला. कायद्याच्या बाजूचा निवाडा आयोग आणि न्यायालये करतील. नैतिक बाजू मात्र गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही ठरवता येते: ओळख आपण मधल्या माणसाच्या हवाली केली आणि तो आता दोन्हीकडून तिचे भाडे घेतो. यावर कोणी म्हणेल, आजारी माणसाने, तान्ह्या बाळाच्या आईने, रात्रपाळी संपवून आलेल्याने काय करावे? त्यांनी जरूर मागवावे. जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचा रोजगारही खरा आहे, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली, हे चांगलेच झाले. माझा रोख दोन गल्ल्यांवरचा पिझ्झा, पाय धड असताना, केवळ उठायचा कंटाळा म्हणून वरच्या मजल्यावर मागवणाऱ्यांकडे आहे. पावसात भिजलेला मुलगा दारात उभा राहतो आणि आपण हात बाहेर काढून पिशवी घेतो, त्या मुलाची ना सवयीची ओळख होते ना कुळाची.

गल्लीतले हॉटेलवाले संत असतात असे मात्र कोणी समजू नये. चीजच्या नावाखाली वनस्पती तेलाचा गोळा किसणारे त्यांच्यातही आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात व ढाब्यावर राबवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, तरी टेबल पुसणारा ‘बारक्या’ अजून सगळीकडून नाहीसा झालेला नाही. पण तो दिसतो, आणि दिसतो म्हणून मालकाला विचारता येते. भटारखान्याचे दार अर्धवट उघडे असते, अन्न परवान्याचा क्रमांक भिंतीवर असावा लागतो, तेल किती वेळा तापवले ते नाकाला कळते. रोजच्या गिऱ्हाइकाच्या शब्दाला गल्ल्यावर किंमत असते. अ‍ॅपवर दिलेल्या ताऱ्यांना ती नसते, कारण तिथे रागावलेल्या एकाच्या जागी दुसरे दहा येणार असतात. तेव्हा शेजारच्या हॉटेलात जाणे म्हणजे तिथल्या चुकांकडे प्रेमाने डोळेझाक करणे नव्हे. तिथे बसणाऱ्यालाच बोलायचा हक्क मिळतो आणि बोलायची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

राहिला चैनीचा प्रश्न. घरी चूल असताना बाहेर कशाला, हा सवाल आपल्याकडे सहसा चुलीपाशी न उभे राहणारे विचारतात. आठवड्यातून एक संध्याकाळ ती चूल बंद राहिली आणि घरातली बाईही ताटाच्या खाणाऱ्या बाजूला बसली, तर त्या पिझ्झ्याच्या मैद्याबद्दल फार पापपुण्य काढू नये. प्रकृतीचे पथ्य ज्याचे त्याने सांभाळावे.

तेव्हा या रविवारी फोन ठेवा आणि चालत जा. टेबल मोकळे नसेल तर अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर बसा, पैसे थेट मालकाला द्या, आणि पाणी आणून देणारा पोरगा लहान दिसला तर त्याचे वय विचारल्याशिवाय उठू नका.