काचेवरची पाटी

बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात, कोटबुसर टोरच्या आसपास, तुर्की खाणावळींच्या काचेवर ‘हलाल’ असं लिहिलेलं दिसतं. इस्तंबूलच्या गल्लीतल्या खाणावळीला ही पाटी सहसा लागत नाही. तिथे ते धरूनच चाललेलं असतं. पाटीची गरज पडते ती गाव सोडल्यावर.

30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. बर्लिनला आलेली माणसं कारखान्यांत राबली, बर्लिनच्या भिंतीलगतच्या स्वस्त, पडक्या घरांत राहिली. 1973 साली भरती बंद झाली. हळूहळू कुणी भाजीचं दुकान टाकलं, कुणी खाणावळ. उभ्या सळईवर फिरणारं मांस कापून पावात भरून द्यायचं, ही दोनेर कबाबची तऱ्हा बर्लिनमध्ये रुजली ती सत्तरच्या दशकात. आधी कुणी केलं यावर वाद आहेच. तो कुठल्या पदार्थाबद्दल नसतो? तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातला इस्केंदर कबाब मात्र ताटात येतो. रोटीच्या तुकड्यांवर मांसाचे पातळ काप, टोमॅटोचं कालवण, वरून कढत लोणी, कडेला दही. तो बसून, सावकाश खायचा. पाळी संपवून निघालेल्या माणसाला तेवढी सवड कुठली!

जनावर कसं कापलं, एवढं पाटी सांगते. सळईवर काय रचलंय, हे मात्र आपणच बघायचं. मांसाचे थर वेगवेगळे दिसत असतील, कडा वेड्यावाकड्या असतील, तर तो ‘याप्राक’, म्हणजे पानापानांचा दोनेर. गोळा खांबासारखा गुळगुळीत असेल तर त्यात खिमा भरपूर. जर्मनीत खिम्याचं प्रमाण 60 टक्क्यांच्या वर गेलं, तर त्याला दोनेर कबाब म्हणता येत नाही. आपल्याकडच्या ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीवरून तरी तळणीचं तेल कधीचं आहे हे कुठे कळतं? आणि हलाल मांसाच्या शेजारी फ्रिजमध्ये बिअरच्या बाटल्या ठेवणारे मालकही बर्लिनमध्ये आहेत. कर्मठांना ते खपत नाही, मालकाला मात्र भाडं भरायचं असतं.

मला अशा खाणावळीची पारख सळईपेक्षा सुपावरून करावीशी वाटते. मसुराची डाळ, कांदा, तिखट घातलेलं लोणी, वर पिळायला लिंबाची फोड, सोबत मागितल्याशिवाय आलेला पाव. लाल कोबी आणि लसणीचं सॉस जर्मन गिऱ्हाइकासाठी. हे सूप घरच्या माणसांसाठी. त्यात कसर केली तर ती लगेच जिभेला कळते, कारण पिणाऱ्याने आईच्या हातचं प्यायलेलं असतं.

एप्रिल 2024 मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तुर्कस्तानच्या दौऱ्यावर गेले, ते बर्लिनहून 60 किलोंचा दोनेर आणि तो कापायला स्थलांतरितांच्या तिसऱ्या पिढीतला एक दुकानदार बरोबर घेऊन. साठ वर्षांत आमची ओळख कबाबापलीकडे गेलीच नाही का, असं जर्मनीतल्या अनेक तुर्कांनी चिडून विचारलं. राग रास्त होता. तरी न्यायचाच होता तर दोनेरच ठीक. मसुराचं सूप इस्तंबूलात घरोघरी शिजतं. कोबी-सॉस कोंबलेला तो पाव मात्र बर्लिनचा आहे.